वामनच्या ग्लोव्हजचा आवाज

जळगाव, रविवार, दिवेलागण

सामना जिंकलो, पण तो आवाज डोक्यातून जात नाही. वामन आमचा विकेटकीपर, माझा ट्रक चालवतो तोही हाच. चेंडू हातात येताना तो हात असे मागे न्यायचा, की माझ्या तिखट कानांनासुद्धा आवाज यायचा नाही. आज डावीकडून जाणारा प्रत्येक चेंडू फट्‌ करून ग्लोव्हजच्या कडेवर आदळत होता. हात उशिरा जात होते. का?

मी हे बोलून दाखवलं, तर पोरं म्हणाली, "भाऊंना गवत वाढल्याचंही ऐकू येतं!" मीही हसलो.

मग चहाचा ग्लास घेऊन मुद्दाम त्याच्या डाव्या हाताला उभा राहिलो. त्याने घेतलाच नाही. हाक मारली तेव्हा दचकून पूर्ण मान वळवली.

"डोळ्याला काय झालंय रे वामन?"

"काही नई भाऊ, बठ्ठं ठीक शे."

सगळं ठीक म्हणे! आणि उद्या पहाटे हाच अख्खी टीम ट्रकमध्ये घालून धुळ्याला नेणार! चारचौघांत बोलवेना, त्याचं पोट त्या स्टिअरिंगवर आहे. म्हणून गुपचूप किल्ली खिशात घातली. सकाळी ट्रक बिघडला म्हणायचं आणि एसटी धरायची. मोठी हुशारी केली असं वाटत होतं.

पण त्या ट्रकला किल्ली लागते कुठे? थंडीत वामन तारा जोडूनच चालू करतो. हे आत्ता आठवतंय!

बाहेर इंजिन घुरघुरलं. त्यावर पोरांचा गलका. त्यांना घरी सोडायला निघाला वाटतं.

पुन्हा तेच, फट्‌. ट्रक कशावर आदळला? डावीकडच्या फाटकावर?

धावतो.