कडेवर घ्यायचं नाही

सुयोग,

मी ड्युटीवर जातेय. आज स्वराजवळ तू थांब, पळू नकोस.

"पोरीची कंबर लचकलीय" म्हणत आई तेल घेऊन येतील. चोळू द्यायचं नाही. ओटीपोटाचं हाड मोडलंय. डॉक्टर म्हणाले, लहान पोरांचं हाड ऑपरेशनशिवाय जुळतं, पण पडून राहिलं तरच. ती हात वर करेल, तरी कडेवर घेऊ नकोस. लघवी लाल दिसली तर मला फोन करत बसू नकोस, सरळ हॉस्पिटल गाठ.

टेम्पो तू रिव्हर्स घेतलास, हे अख्ख्या चारकोपला माहितीय. म्हणून काय रोज दारातूनच बघणार तिला? ती रोज विचारते, "मी मध्ये आले म्हणून बाबा रागावलाय का गं?"

उत्तर देऊन मी थकले रे. आज उशाशी बस आणि तू दे.

जान्हवी