बोटीच्या दारात अडलेली टाकी

नाना, तुम्ही उभ्या आयुष्यात समुद्र पाहिला नाही, आणि तुमच्या लेकीने गेल्या महिन्यात मुंबईला जाऊन एका बोटीचा संडास दुरुस्त केला. हसू नका. संडास म्हणजे त्याखालची मैल्याची टाकी. बंदरात घाण सोडता येत नाही, म्हणून ती साठवून नंतर उपसतात. बोट श्रीमंताची, पण म्हातारी. तिची ॲल्युमिनियमची टाकी मुताने खाऊन चाळणी केलेली. बोटीचे इंजिनिअर मूळचे धुळ्याचे, म्हणून जळगावात प्लॅस्टिकच्या टाक्या जोडणारं आपलं वर्कशॉप त्यांना ठाऊक. तुम्ही गेल्यापासून सगळे विचारतात तेच त्यांनीही फोनवर विचारलं, "नाना तर नाहीत आता. मग काम कोण करतं?" "मी करते," म्हटलं. "तुम्ही एकट्या?" ते म्हणाले. त्या प्रश्नाचा मला असा राग आला की त्या भरातच काम घेतलं.

जुनी टाकी त्यांनी कापून काढली होती. मी रिकाम्या जागेचं माप घेतलं, जळगावात जाड शीटची टाकी जोडली आणि टेम्पोत घालून धक्क्यावर नेली. आणि बोटीच्या दारातून ती आत जाईना! उभी, आडवी, तिरकी, काही केल्या जाईना. नाना, आपल्या टाक्या डाळमिलच्या गच्चीवर नाहीतर केळीच्या मळ्यात बसायच्या, क्रेनने वरून सोडायच्या. आपण दाराचं माप कधी घेतलंय? इथे आधी टाकी ठेवून मग भोवती बोट बांधलेली. खलाशी तोंड फिरवून हसत होते. इंजिनिअर म्हणाले, "ताई, राहू द्या. मी दुसरं कोणी बघतो."

तेव्हा तुम्ही आठवलात. मी जोडलेली पहिली टाकी बोटाने चाचपून तुम्ही म्हणाला होतात, "जोड कच्चा शे. बठ्ठा कापी टाक." सगळा जोड कापायला लावलात म्हणून मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नव्हते. धक्क्यावर मात्र करवत मी स्वतःच मागितली. नवीकोरी टाकी मधोमध कापली, दोन्ही उघडी तोंडं शीटने बंद केली आणि एकेक अर्धी आत सरकवली. मग तिथेच पालथी पडून दोन्ही अर्ध्या आखूड पाइपांनी जोडल्या, एक खालून पाण्यासाठी, एक वरून हवेसाठी. टाक्या पाण्याने भरल्या, जोडांखाली कोरडी वर्तमानपत्रं पसरली आणि बोट दिवसभर समुद्रात हिंडवली. परतल्यावर इंजिनिअरांनी स्वतः वाकून कागद बाहेर काढले. एक थेंब नाही! खडखडीत कोरडे! एवढ्या लोकांत मी दोन्ही हात वर करून ओरडले, "जमनं!"

मालक बघायला आले. "छान झालंय, कुणाचं काम?" आजवर कुणी असं म्हटलं की मी म्हणते, आमच्या नानांची शिकवण. त्या दिवशी मी म्हणाले, "माझं." आणि थांबले. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून खरं लिहिते. तुमचं नाव घ्यायचं राहून गेलं नाही, नाना. मी ते मुद्दाम घेतलं नाही, आणि फार गोड वाटलं.