मातीतले फितूर

३ मार्च, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. विषय: झाडतोडीने जंगलाच्या मातीतल्या जिवाणूंचं काय होतं. उत्तर मला माहीत आहे. वाट लागते. निष्कर्ष कालच लिहून टाकला. आता फक्त नमुने गोळा करायचे.

९ मार्च
जंगलाचे दोन तुकडे. एकात लाकूड कंपनीने झाडं तोडून ट्रॅक्टर फिरवलाय. शेजारचा शाबूत. तो तोडू द्यायचा की नाही, हे आमच्या अहवालावर ठरणार. म्हणजे माझ्यावर. लॅबमधली सहकारी (मनातल्या मनात मी तिला शंकासुर म्हणतो) म्हणाली, निष्कर्ष शेवटी लिहितात. दुर्लक्ष केलं.

२ एप्रिल
रिपोर्ट आला. तोडलेल्या मातीत जिवाणूंचे प्रकार जास्त. ज्यांच्यासाठी चिखलात गुडघे टेकले, तेच कंपनीला फितूर. रात्री घरी जेवणार नव्हतो. ही म्हणाली, जिवाणूंना काही फरक पडणार नाही. जेवलो.

३ एप्रिल
शंकासुर म्हणते, माती उकरली की कुठूनकुठून भुरटे येऊन बसतात, म्हणून आकडा फुगतो. झाडांच्या मुळांशी पिढ्यान्‌पिढ्या संसार करणारे गेलेत. डोकी मोजू नका, कोण गेलं ते बघा. हे मलाही सुचणारच होतं. उद्या अहवालात घालतो.

८ एप्रिल
घातलं नाही. कंपनीचा मॅनेजर आला होता. देवमाणूस. मला 'ज्येष्ठ तज्ज्ञ' म्हणाला. बावीस वर्षांत ऑफिसात कुणी म्हणालं नव्हतं. एक पानी सारांश बिचाऱ्याने स्वतःच टाइप करून आणलेला. सही केली. वाचायचा राहिला.

१५ एप्रिल
सारांशात एकच वाक्य: तोडीमुळे मातीतले जिवाणू समृद्ध होतात. खाली माझी सही, सुरेख. शंकासुरने स्वतःचं नाव काढून घेतलं आणि मला न विचारता वर वेगळं पत्र पाठवलं. मॅनेजर फोन उचलत नाही. ही म्हणाली, वाचलं नव्हतंत का? म्हणजे घरचेही त्यांनाच सामील. उद्या सही मागे घेतो. कडक पत्र लिहितो.

२२ एप्रिल
पत्र जमलंय. फक्त 'विश्वासघात' दोनदा आलाय. एक काढून उद्या पाठवतो.

२९ एप्रिल, दुपारी
'विश्वासघात' दोन्ही ठेवले. पाकीट चिकटवतानाच क्लार्कने सांगितलं, तोडीची परवानगी निघाली. शंकासुरचं एकटीचं पत्र चाललं नाही. ज्येष्ठ तज्ज्ञाची सही होती ना, म्हणाला.

१० मे
त्या शाबूत तुकड्यात गेलो. सगळं आडवं. शंकासुर ओंडक्यावर बसली होती. मी म्हणालो, सगळ्यांनी दगा दिला मला. तिने विचारलं, जिवाणूंनीही? हो म्हणालो. ती हसली नाही. म्हणाली, ते फक्त जिथे होते तिथे होते. मग ओंजळभर माती पिशवीत भरून निघून गेली. मला 'येते' म्हणाली नाही.

११ मे
पुढच्या वर्षीच्या कामाचा फॉर्म. रकाना चौथा: तुलनेसाठी न तोडलेलं जंगल कोणतं? अर्धा तास पेन धरून बसलो. क्लार्क म्हणाला, रिकामा सोडा, तो कुणी वाचत नाही.
सोडला.