पुढची फुंकणी, मागची फुंकणी आणि माझं दार

सहावी रांग, वाटेच्या टोकाचं घर
तीन राजांच्या सणानंतरचा मंगळवार

धाकट्या आल्देरिकला थोरल्या एक्झिल्दाचे पोटभर आशीर्वाद.

पत्र पोचेल तेव्हा तू, तुझी जर्मेन आणि तुझा गुडघा असे तिघंही खुशाल असाल अशी आशा करते. (गुडघ्याचं नाव वेगळं घेतलं, कारण गेली वीस वर्षं तुमच्या घरात सगळ्यात जास्त लाड त्याचेच झालेत.) मी बरी आहे. दात सहा, कान दीड, पाय दोन्ही आहेत पण आपापल्या मर्जीने चालतात. अक्षर माझं नाही हे तुला सांगायला नको. आपण तेरा भावंडं. बारा शाळेत गेली आणि थोरली तुमची दुपटी धूत राहिली. हे पत्र लिहितेय माझी धाकटी सून फर्नांद, आपल्या रोझेरची बायको. दर मंगळवारी गावातून माझं सामानसुमान घेऊन येते. तिचं अक्षर सुरेख आहे असं सगळे म्हणतात. मला ते बर्फावर चिमण्या नाचून गेल्यासारखं दिसतं. बोलेन ते जसंच्या तसं लिहायचं असं तिच्याकडून कबूल करून घेतलंय, मग ते तिच्याबद्दल का असेना. (लिही गं. कॉफी पातळ करतेस, तेही लिही.)

तर आता फुंकणीबद्दल. शेजारचा ओव्हिला चार हिवाळे माझी वाट मोकळी करून देत होता. ऑक्टोबरात त्याने गायी विकल्या आणि लेकीकडे शहरात राहायला गेला, तेव्हापासून आमच्याकडे एकच विषय: ट्रॅक्टरला बर्फ गिळून बाजूला उडवणारी फुंकणी पुढे जोडायची की मागे? तुला आठवतं ना, माझा फिलियास एकतीस हिवाळे मागच्या फुंकणीने वाट काढायचा. ट्रॅक्टर उलटा घालायचा, उजव्या खांद्यावरून मागे बघायचं, आणि फुंकणीने गिळलेला बर्फ वारा फिरला की स्वतःच्याच तोंडावर घ्यायचा. शेवटी शेवटी त्याची मान अर्ध्यातच अडकली. पुढचं दिसेना, मागचं दिसेना, फक्त शेजारचं दिसायचं. चर्चात मिस्सेला बसला की वेदीऐवजी सबंध तासभर बेकरीवाल्याच्या विधवेकडे बघत असायचा, आणि फादरना वाटायचं म्हातारा पापी आहे. (होताच, पण मानेमुळे नव्हे.) शवपेटीत ठेवलं तेव्हा दोघांनी मिळून मान सरळ केली. झाकण लावेपर्यंत ती पुन्हा उजवीकडे. त्या दिवशी जेवण झाल्यावर तू मला बाजूला घेऊन म्हणालास, "ताई, फुंकणी तुला आता काय कामाची? एक हिवाळा वापरतो आणि आणून देतो." तो एक हिवाळा अजून संपलेला नाही. मी त्याबद्दल बोलत नाहीये. नुसतं आठवलं.

माझा थोरला नॉर्मां म्हणतो पुढचीच घ्यायची. समोर बघत चालवायचं, माणसासारखं, मान शाबूत. रोझेर म्हणतो मागचीच. बाबांनी जन्मभर मागचीच वापरली, शेवटपर्यंत सुतासारखी सरळ वाट काढली. पुढची म्हणजे ट्रॅक्टरच्या पोटाखालून लांबलचक दांडा न्या, नाकावर वजन लादा, आणि थंडीत ती मोडली की बसा बोंबलत. रविवारी माझ्याच टेबलावर माझीच मटण भरलेली पाई खाता खाता दोघं काट्याचमच्यांचे ट्रॅक्टर करून एकमेकांना दाखवायचे. मी म्हटलं, "अरे, कुठलीही घ्या, पण पहिल्या बर्फाआधी घ्या." नॉर्मां म्हणाला, "आई, तुला यातलं काही कळत नाही."  हे वाक्य लक्षात ठेव, पुढे लागेल.

शेवटी दोघांनी दोन घेतल्या. नॉर्मांने आपल्या ट्रॅक्टरला पुढची नवी. रोझेरने बापाच्या, म्हणजे माझ्या कोठारातल्या ट्रॅक्टरला, मागची जुनीपानी. आणि उगवली नव्या वर्षाची सकाळ. फिलियास गेल्यापासून आशीर्वाद मी देते. घरचे सगळे गुडघे टेकतात, थोरला मुलगा पुढे होऊन मागतो, मी हात वर करते. यंदा दोघांच्याही डोक्यात एकच: वाट काढून दारात पहिला पोचेन तो मीच. नॉर्मां रस्त्याकडून निघाला. रोझेर आदल्या रात्रीच माझ्याकडे झोपायला आला होता (आईची आठवण आली म्हणे), तो अंगणाकडून निघाला, उलटा. वारा सुटलेला. याचा बर्फ त्याच्यावर, त्याचा याच्यावर, डोळ्यांपुढे नुसतं पांढरं. वाटेच्या मध्यावर तो लाकडी क्रूस आहे ना, तिथे दोघं समोरासमोर आले, मध्ये दहा पावलांचा ढीग.

"मागे हट!" नॉर्मां ओरडला.

"मागेच तर येतोय! हटायला मला पुढे जावं लागेल!"

"मग जा की पुढे!"

"बाबांच्या वाटेवर तू कोण मला सांगणारा?"

"बाबांची मान बघितली होतीस का, गाढवा?"

हे मी अंगणातून ऐकलं, दीड कानाने. यावरून किती मोठ्याने चाललं होतं ते बघ. मग भांडायला उतरलेले दोघं ट्रॅक्टरवर परत चढले आणि दोघांनी यंत्रं ढिगात घातली. फुंकण्यांचे दाताला दात भिडले. आवाज असा झाला की क्रुसावरचा कावळा परत आलेला नाही. आता दोन्ही फुंकण्या गावात लोहाराकडे शेजारी शेजारी पडून आहेत, एकमेकींना टेकून, आपल्या धन्यांपेक्षा शहाण्या. ट्रॅक्टर ज्याचा त्याच्या कोठारात गेला. ढीग मात्र वाऱ्याने पुन्हा भरून जिथल्या तिथे.

ढिगापलीकडे चौदा नातवंडं थंडीने लाल होऊन उभी, अलीकडे एकटा रोझेर. मी फिलियासचे बर्फावरचे जाळीचे जोडे घातले, त्या ढिगावर चढले आणि वरूनच आशीर्वाद दिला. या बाजूला रोझेर गुडघ्यांवर, त्या बाजूला बाकी सगळं कुटुंब. फादरना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, देखावा सुंदर झाला असेल. झालाच. घरात माझी मटणाची पाई थिजली आणि खाली उतरायला मला कुणी हात दिला नाही, कारण आधी कोण देणार यावरून त्या दोघांची जुंपली होती.

आठवड्याने दोघं आले, एकत्र, ढीग चढून. ऑक्टोबरपासून पहिल्यांदा त्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं. म्हणाले, आईला हिवाळ्यात इथे ठेवणं धोक्याचं आहे. फेब्रुवारीतल्या मेणबत्त्यांच्या सणाआधी मला गावातल्या सिस्टरांच्या वृद्धाश्रमात नेणार. तिथे संध्याकाळी पाचला जेवण, वर लाल जेली, आणि खिडकीतून दिसतं ते गाड्या लावायचं पटांगण, जिथला बर्फ नगरपालिका काढते. दोन्ही पोरांना केवढं सुख! फुंकणी पुढची की मागची, प्रश्नच मिटला. वाटच नको, कारण वाटेच्या टोकाला कुणी नाही. तुला माहीत आहे, आपल्याकडे हिवाळ्यात मेलेल्यांना चर्चमागच्या दगडी खोलीत ठेवतात, जमीन वितळून खणता येईपर्यंत. वसंत येईपर्यंत मला साठवून ठेवायचंच असेल तर निदान आधी मरू द्या, एवढंच माझं म्हणणं. ते मी बोलले. नॉर्मां म्हणाला, "आई, तुझं आपलं काहीतरीच." आणि टेबलावर कागद ठेवला. घरच्या तिघांच्या सह्या लागतात म्हणे. तिन्ही झालेल्या होत्या. माझी लागत नाही. मला करताही येत नाही, त्यामुळे सगळ्यांचीच सोय.

असो. रडगाणं पुरे. जर्मेनला सांग, तिचं लोणचं यंदा फार गोड झालंय. गुडघ्याला जप.

तुझी दुपटी धुतलेली,
एक्झिल्दा

ता. क. रोझेर जगभर सांगत फिरतो ना, बाबांनी शेवटपर्यंत सुतासारखी वाट काढली? शेवटचे तीन हिवाळे ती मी काढली. मान अडकलेला माणूस काय डोंबल बघणार! त्याची कातडी टोपी आणि कोट घालून मी बसायचे, आणि तो खिडकीतून सूचना ओरडायचा, ज्या मला ऐकू यायच्या नाहीत. आमच्या संसारातले सगळ्यात सुखाचे तीन हिवाळे. तेव्हा ट्रॅक्टर माझ्या कोठारात आहे, तो मला चालवता येतो, फक्त फुंकणी तुझ्याकडे आहे. ती परत हवी. या रविवारी, मिस्सा झाल्यावर. (फर्नांदने पेन खाली ठेवलंय. उचल गं. आणि रोझेरला कळलं तर तुझ्या लग्नाच्या केकवर कोण बसलं होतं ते मीही कुणाकडून तरी लिहवून घेईन.)

आणखी ता. क. कागदावरच्या पहिल्या दोन सह्या फर्नांदने वाचून दाखवल्या. तिसरी कुणाची विचारलं तर म्हणाली "नोटरीची," आणि चुलीकडे बघायला लागली. आल्देरिक, मला अक्षरं येत नाहीत, पण चित्रं ओळखता येतात. त्या सहीला डुकराच्या पिलासारखी गोल वळलेली शेपटी आहे. तीच शेपटी चाळीस वर्षं तुमच्या घरून माझ्याकडे नव्या वर्षाच्या कार्डावर येते. सगळी कार्डं बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवलीत. आत्ता एक काढून कागदाशेजारी ठेवलं. फर्नांद उठून कॉफी करून आली. दाट.

तर येशील तेव्हा फुंकणी स्वतःच्या ट्रॅक्टरला मागे जोडून ये, आणि रस्त्यापासून वाट काढतच ये, क्रुसाजवळचा ढीग धरून. पुढची की मागची या वादात माझं मत कुणी विचारलं नाही, म्हणून तुला कळवते: मागची. पुढचीने माणूस सरळ येतो आणि वाटेल तिकडे बघतो. मागचीने यायचं तर मान वळवून सगळी वाट माझ्या दाराकडे बघत यावं लागतं.

मी खिडकीत बसलेली असेन.