आईच्या दहनाचं पुस्तक

बँकॉक, २ मार्च

ती. ताईस थविनचा शि. सा. न.

सुकी मासळी पोचली. वास जिन्यापर्यंत गेला, घरमालकीण दोनदा डोकावून गेली.

आईचं शव विहारात ठेवून आज सत्तेचाळीस दिवस झाले. शंभराव्या दिवशी दहन, आणि आपल्या रीतीप्रमाणे येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात तिच्या आयुष्याचं पुस्तक पडायला हवं. छापखान्याच्या तयार मजकुरात नुसतं नाव बदलून भागणार नाही. माझं पुस्तक माझा थविन लिहील, असं तिनंच बाजारभर सांगून ठेवलंय. शाळेतली नोकरी सोडून मी लिहिणं शिकायला बसलो तेव्हा सगळे हसले, एक तीच हसली नाही. आता तिच्यावरच चार पानं होत नाहीत. काल ‘मायेचा सागर’ असं लिहिलं आणि माझीच मला किळस आली. ज्या म्हाताऱ्या संपादकांना मी लिहिलेलं दाखवतो ते म्हणाले, भाषा झकास आहे, पण यात बाई कुठे आहे?

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा थविन

फत्तलुंग, १४ मार्च

चि. थविन यास अनेक आशीर्वाद.

तुझं रडगाणं वाचलं. दोन वर्षं शहरात बसून तू काय लिहायला शिकलास ते देवालाच ठाऊक. मी पहाटे उठून शेवया पाडते, दुपारी गाडा धुते, आणि तरी तुला चार पानं पत्र लिहिते. तुला दिवसभर टेबल-खुर्ची आहे, तर आई सापडत नाही म्हणे.

नुअन मावशी रोज येते नि आईच्या जागेवर बसून गिऱ्हाइकांना सांगते, की कालवणात मीठ कमी आहे. जिवंतपणी आईनं तिला गाड्याला हात लावू दिला नाही, त्याची वसुली चाललीय. विहारातले थोरले भिक्खू पुस्तकाची चौकशी करत होते. झालंच आहे, असं मी ठोकून दिलं. आता तू मला खोटं पाडू नकोस.

जेवत जा. बाकी तुझ्यावर जीव आहेच, तो काय लिहायचा.

प्रायोंग

बँकॉक, २ एप्रिल

ती. ताईस शि. सा. न.

अकरा खर्डे फाडले. छापखान्याला बारा तारखेपर्यंत मजकूर हवाय. मला वाटायचं, रोज लिहीत राहिलं की हात तयार होतो. हात तयार झालाय गं, पण तो कुणावरही तेच लिहितो. आईच्या ठिकाणी शेजारीण घातली तरी एक शब्द बदलावा लागणार नाही. मी या कामाचा नाही, हे मला आता कळतंय, आणि सोडून दुसरं काही करावंसंही वाटत नाही. कुठं जाऊ?

तिच्याबद्दल काहीतरी सांग. कसलंही चालेल.

तुझा थविन

फत्तलुंग, ७ एप्रिल

चि. थविन यास अ. उ. आ.

घे, सांगते. तू चार वर्षांचा होतास, मी अकराची. एका सकाळी आईनं गाठोडं बांधलं, मला म्हणाली, धाकट्याला भात भरव, आणि स्टेशनवर जाऊन गाडीत बसली. बाबा शाळेत. भांडण नाही, तंटा नाही. मी तुला भरवलं, न्हाऊ घातलं, आणि उंबऱ्यात बसून राहिले. दिवेलागणीला ती परत आली. पाय धुतले आणि थेट शेवयांच्या पिठाकडे गेली. मी विचारलं, का गं आलीस? तर म्हणाली, पीठ भिजत घातलं होतं, वाया गेलं असतं.

आपल्यासाठी नाही आली रे. पिठासाठी आली. मी कित्येक वर्षं त्या पिठाचा दुस्वास केला, आणि आज तेच रोज भिजवते. तिला जायचं कुठं होतं, हे विचारायचं राहून गेलं. मरायच्या आधी दोन दिवस तिचे पाय चेपताना तोंडाशी आलं होतं. म्हटलं, बरी होऊ दे, मग विचारू.

बाबांना हे कधीच कळलं नाही, मावशीलाही नाही. तुला म्हणून सांगितलं. वाचून फाडून टाक आणि कामाला लाग.

प्रायोंग

बँकॉक, ३ मे

ती. ताईस शि. सा. न.

दहनाच्या दिवशी तू माझ्याशी बोलली नाहीस. मला बोलायचं होतं, पण पाहुण्यांना पुस्तकं वाटता वाटता तू थांबलीस, उभ्यानं पान वाचलंस, आणि उरलेला गठ्ठा खाली ठेवलास. मावशीनं तिची प्रत मिटून परत ढिगावर ठेवली, तेही पाहिलं.

खरं सांगतो. बारा तारखेच्या सकाळी माझ्याकडे एकही ओळ नव्हती. तुझं पत्र होतं. वरचा आशीर्वाद आणि खालच्या तीन ओळी काढल्या, ‘थोरल्या लेकीनं सांगितलेलं’ असं घातलं आणि देऊन टाकलं. गावासमोर आईला उघडं पाडतोय, हे मला कळत होतं. तरी दिलं, कारण त्यात आई होती. जे मला दोन वर्षांत जमलं नाही ते तू पीठ मळता मळता केलंस. मला तुझा हेवा वाटला, हेही लिहून टाकतो.

आता रोज सकाळी तुझं पत्र उतरवून काढतो, लहानपणी पाटी गिरवायचो तसं. लिहिणं सोडणार नाही, पहिल्यापासून शिकेन. पण ताई, तू लिही. शिव्या घाल, चार पानं भरून घाल. मावशीनं आज मिठाचं काय काढलं, एवढं लिहिलंस तरी पुरे.

तुझ्या पायाशी,
थविन

फत्तलुंग, १९ मे

चि. थविन यास आशीर्वाद.

पत्र पोचले. येथील सर्व कुशल आहे. पूज्य मातोश्रींच्या अस्थी विहारात विधिपूर्वक ठेवल्या. नुअन मावशींची प्रकृती ठीक असून त्या हल्ली येत नाहीत. पाऊस वेळेवर आहे. कळविण्यासारखे विशेष काही नाही.

प्रकृतीस जपावे. पीठ भिजत घातले आहे, म्हणून येथेच थांबते.

प्रायोंग