पोपटांची चौकट

१४ सप्टेंबर २००३, लातूर

अहमदपूर सोडून आज स्वतःच्या मालकीच्या घरात प्रवेश केला. माझे शिक्षण इयत्ता चौथी. तथापि शुद्ध लिहिण्याचा नियम मी वैजनाथने सत्तरीतही मोडलेला नाही. नात राजकन्या बारावीस आहे. तिची शिकवणी येथून हाकेच्या अंतरावर आहे आणि तिने डॉक्टर व्हावे, एवढ्याचसाठी हे घर घेतले. पूर्वीचा मालक मन्मथ किल्ल्या देऊन चहाही न घेता निघून गेला.

घर सिमेंटचे, स्लॅबचे आहे. आतल्या खोलीस मात्र जुनी सागवानी चौकट असून वर दोन पोपट कोरलेले आहेत. तिच्यावर निळा रंग जाड फासला आहे. ती खोली राजकन्येस दिली. शिकवणीत तीनशे पोपट आहेतच, त्यांत हे दोन, असे म्हणून ती हसली.

१७ सप्टेंबर

भोजनसमयी ताटात पांढरी माती पडली. शेजारच्या शिवमूर्ती गवंड्यास बोलाविले. त्याने स्लॅब ठोकून पाहिला, तडा नाही. ही माती माळवदावरची, जुन्या मातीच्या छपरावरची आहे, सिमेंटच्या घरात ती येईलच कुठून, असे तो म्हणाला. मी त्यास डोळे तपासून घेण्यास सांगितले.

२१ सप्टेंबर

राजकन्येने चौकटीचा रंग खरवडला. डाव्या बाजूस पहारीची खोल खाच निघाली. ही कशाची, असे तिने विचारले. वाळवीची, असे मी सांगितले.

दुपारी ती शिकवणीस गेली की चौकटीतून ठोके येतात. तीन ठोके, मग शांतता. उंबऱ्यावर मातीचा ढीग होतो. ती परतण्यापूर्वी मी झाडून घेतो.

२४ सप्टेंबर

खाच माझ्या पहारीची आहे.

दहा वर्षांपूर्वी, भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी किल्लारीकडच्या एका गावी आम्ही ट्रक घेऊन सागवान उचलण्यास गेलो होतो. लष्कराची माणसे येण्यापूर्वी निघायचे होते. ही चौकट ढिगाऱ्यात तिरपी अडकली होती. तिच्याखालून एका मुलीचा आवाज आला, “मामा, चौकट हलवू नका. वर माती हाय.”

आत कोणी नाही, असे मी सोबत्यांस सांगितले. पहार घालून चौकट ओढली; पोपट शाबूत निघाले. माती खाली बसली. आवाज पुन्हा आला नाही.

चौकट मी बाजारात एका अनोळखी माणसास विकली. तो मन्मथचा बाप असावा; चौकट याच घरात बसली, हे खाच दिसेपर्यंत मला ठाऊक नव्हते.

२७ सप्टेंबर

राजकन्येस अहमदपूरला परत जा म्हणालो. तिने कारण विचारले. सांगू शकलो नाही. ती मला देवासमान मानते. मंगळवारी चाचणी आहे, म्हणून ती राहिली.

शिकवणीस निघताना म्हणाली, “मामा, दार लावून घ्या.”

मी तिचा आज्जा आहे. तिने आजवर दुसऱ्या नावाने मला हाक मारलेली नाही. विचारले, तर तिला काही आठवेना.

२९ सप्टेंबर

तिच्या केसांत माती. धुते, पुन्हा भरते. चाचणीला जाणार नाही म्हणते. दार आतून लावले आहे.

उद्या सर्व सांगेन. उद्या नक्की—

३० सप्टेंबर, दुपार

सकाळी सांगण्यास गेलो. दार फुटले होते. आत माती. पोपटांपर्यंत माती. राजकन्या आत—

शिवमूर्ती माणसे आणण्यास धावला आहे. चौकटीला हात लावू नका, सगळे खाली येईल, असे बजावून गेला. हात रिकामा राहिला की पहारीकडे जातो, म्हणून लिहीत आहे.

हाक मारली. एकदा आज्जा म्हण, बाळ. एकदाच—

आतून त्या मुलीचे उत्तर आले. “ओढा की मामा. तवा इचारलं व्हतं का?”

आणि तिच्याही खालून, अगदी बारीक, “आज्जा—”

ठोके. तीन. मग दोन. शिवमूर्ती अजून—

एक ठोका. फार हळू.

लेखणी डाव्या हातात आहे. उजव्या हातात पहार कधी घेतली ठाऊक नाही. खाचेत नेमकी बसली. मी ओढत नाही. मी ओढत ना—