माइकपुढे बोलावलेले देव

आये, मी माइक घेतलाय. कंडेन्सर. तुला या शब्दातून काही कळायचं नाही, पण तू असतीस तर "त्याला काय ऐकू येतं?" एवढं नक्की विचारलं असतंस, म्हणून सांगते. त्याला फार ऐकू येतं, ऐकवायचं नसतं तेसुद्धा. मी घरी बसून मुलांच्या गोष्टी वाचते, त्या रेकॉर्ड करून पाठवते आणि त्याचाच मला पगार मिळतो. जुन्या माइकवर खरखर येते म्हणून गोष्टी परत येऊ लागल्या, तेव्हा मी परवडेल असा नवा शोधायला घेतला. माहितगार सांगतात, साध्या खोलीत कंडेन्सर लावू नका, त्यापेक्षा डायनॅमिक बरा, तो तोंडाजवळचं तेवढंच ऐकतो. त्यांचं बरोबर आहे. बंदराकडे जाणारे ट्रेलर आपल्या घरामागून दिवसभर धडधडत असतात. पण हळू वाचताना आवाजातला ओलावा कंडेन्सरमध्येच उतरतो. म्हणून भिंतींना तुझ्या गोधड्या टांगल्या आणि तोच घ्यायचं ठरवलं.

घाई करायला दुसरंही कारण होतं, आणि तेच सांगायला बसलेय. काकीच्या मुलीचं लग्न ठरलंय. मी शाळेत असताना तू गेलीस, त्यानंतर गावात लग्नाचे धवले गाणारी धवलारीण उरली नाही, बाहेरगावाहून आणावी लागते. काकी म्हणाली, "तुझे आयशीनी तुला शिकवलंय. माझे पोरीचे हलदीला तूच बस." मी म्हटलं, "काकी, मी रेकॉर्ड करून देते, स्पीकरवर लावा." मला ते फार सोयीचं वाटलं. मांडवात चारचौघांपुढे धवला मध्येच तुटला तर सगळ्यांची तोंडं उतरतात. इथे चुकलं की पुसता येतं.

तू मला चुलीपुढे शिकवायचीस. तांदळाची भाकरी थापता थापता तू ओळ म्हणायचीस आणि मी मागून म्हणायचे. देवांना लग्नाला बोलावण्याची ओळ आली की नावाच्या जागी तू नुसतं 'अमका' म्हणायचीस. अमक्या देवा, हलदीला ये. "नाव घेतलं का तो निंगतो," तू सांगायचीस. "मांडव न्हाय, पाट न्हाय, मंग त्याला बसवशील कुठं?" एकदा मी हट्टानं गावदेवीचं नाव घेतलं. तुझा पिठाचा हात पाठीत बसला. मग तू उठून मूठभर तांदूळ उंबऱ्यावर ठेवलेस आणि बाहेर बघून म्हणालीस, "पोर हाय गो माझी. चुकून हाक मारलीन." फ्रॉकवर तुझी पांढरी बोटं घेऊन मी संध्याकाळपर्यंत दाराकडे बघत राहिले.

आता माइकांची तुलना करायची तर प्रत्येकावर एकच मजकूर म्हणावा लागतो, आणि तोही असा पाठ की आवाज डगमगणार नाही. मला तसं पाठ दुसरं काय आहे? शिवाय 'अमका' म्हणून भागत नव्हतं. ब म्हणताना माइकवर वारा आदळतो, स शिट्टीसारखा वाजतो. काकीच्या मांडवात जी नावं वाजणार तीच तपासायला हवी होती. मी ती घेतली. पहिल्या माइकात शेजारच्या पंपाची घरघर आली, तो परत पाठवला. दुसऱ्यात माझा आवाज पत्र्यावर पडल्यासारखा. तिसरा जवळून, लांबून, गोधडी सरकवून. दरवेळी गावदेवी, वेशीवरचा म्हसोबा, खाडी, दर्या. माझं सगळं लक्ष पडद्यावर आवाजासोबत हलणाऱ्या हिरव्या रेषेकडे.

दुपारी काकी ओले हात घेऊनच दारात आली. "कोनाचा लगीन लागतं गो?"

"कोणाचं नाही. माइकची चाचणी चाललीय."

"सकालधरून ऐकतेय. बोलावतंस, थांबतंस, परत पयल्यापासून बोलावतंस. मंग आले त्यांना काय सांगू? चाचनी हाय, घरा जा?"

मी हसले. ती हसली नाही. "तुमच्यासाठीच चाललंय काकी. पेनड्राइव्हवर देते."

"त्या पेनड्राइव्हची ओटी भरू? त्याला लुगडं नेसवू?" आता ती हसली, आणि ते जास्त लागलं. जाताना पाठमोरीच म्हणाली, "तुझी आयस तापानं फनफनलेली मांडवात बसली व्हती. मी धरून बसवलेली."

ती गेल्यावर मी हेडफोन लावून सगळं ऐकलं. माइक चांगला आहे, त्याला नावं ठेवायला जागा नाही. प्रत्येक बोलावण्यानंतर, मी बटण दाबेपर्यंत, थोडी शांतता आहे. त्या शांततेत माझी खुर्ची करकरते आणि मी घसा साफ करते, पुढच्या वेळेसाठी. पाहुणे दारात उभे आणि घरातली बाई आरशात बघतेय, तसं वाटलं. एकेक फाइल पुसली. पुसल्यानं हाक मागे येत नाही, एवढं मला कळतं.

संध्याकाळी काकीकडे जाऊन सांगितलं, मी बसते. तिला नवल वाटलं नाही. "तुझं लुगडं कवाच आनलंय," म्हणाली.

देवांनंतर घरातल्या गेलेल्या माणसांना हाका मारतात. काकीच्या घरात त्या हाका तिच्या आजेसासूपासून सुरू होतात आणि जावेवर संपतात, म्हणजे तुझ्यावर. माइकपुढे मी सगळ्या देवांना बोलावलं, पण त्या ओळीआधी दरवेळी बटण बंद केलं. स्वतःला सांगत होते की तेवढी तरी रीत पाळतेय. तसं नव्हतं, आये. तू आली असतीस तर माझ्या जागी मी काय बसवणार होते ते तुला दिसलं असतं. हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही. हळद परवा आहे, आणि ती ओळ माझ्या तोंडून अजून एकदाही बाहेर पडलेली नाही.